वीस आंदोलनं

मुलुंडच्या त्या ज्युनियर कॉलेजात कोण कसं आहे हे कळायला जर्नल बघू नये, प्रॅक्टिकलच्या जोड्या बघाव्यात. विक्रोळीची नीलम मोजणारी, कुर्ल्याची श्वेता स्टॉपवॉच धरणारी. दोन वर्षं हीच वाटणी. डोळे ताणायचं काम एकीकडे, बटण दाबायचं दुसरीकडे. मैत्रीत कोण विचारतंय?

लंबकाच्या प्रयोगात नीलमने दोरीला टांगलेला गोळा अठरा वेळा सोडला आणि दर वेळी वीस आंदोलनं मोजली. घसा सुकला. श्वेता ‘हं, झालं’ म्हणत सेकंद लिहीत गेली. गुरुत्वाचं उत्तर आलं नऊ पॉइंट आठ, अगदी पुस्तकातल्यासारखं.

“झकास ना?” श्वेता म्हणाली.

जर्नलवर सही नसेल तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येत नाही. गमरे सरांनी सहीसाठी पेन उघडलं आणि सहज म्हणाले, “मीटरभर दोरी लाव गं नीलम, एकदा करून दाखव. घड्याळ मी धरतो.”

नीलमने गोळा सोडला आणि सोडतानाच म्हणाली, “एक!”

वीसला सरांनी बटण दाबलं. अडतीस सेकंद. जर्नलात होते चाळीस.

“अगं, सोडलास तेव्हा शून्य. जाऊन परत आला की एक. तुझी आंदोलनं एकोणीसच होतात.”

“मी नेहमी अशीच मोजते, सर.”

“तेच म्हणतोय. गोळा जड घे, हलका घे, दोरी तेवढीच असली की वेळ तेवढाच. तुझ्या मोजण्याने दर वेळी अडतीसच यायला हवेत. हे चाळीस आले कुठून?”

नीलम श्वेताकडे वळली. “तू बटण दाबत होतीस ना गं?”

“नऊ पॉइंट आठ धरून सूत्रातून सेकंद उलटे काढले. सगळेच काढतात यार.” मग लगेच सरांकडे, “पण सर, चूक हिची आहे. हिला मोजताच येत नाही.”

सही अडली त्याचं नीलमला एवढं वाटलं नाही. ती घसा कोरडा करत होती आणि समोरची बटण न दाबताच ‘हं, झालं’ म्हणत होती, ते लागलं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “पण मी मोजलं. अठराही वेळा.”

सरांनी पेन बंद केलं. शनिवारी दोघींनी पहिल्यापासून करायचं ठरलं.

जिन्यावर श्वेताने तिचा हात धरला. “शनिवारी किती वाजता भेटूया?”

“तू तुझी ये. मी दादूबरोबर करतेय.”

“दादू? एकेक रीडिंग खरंच घेत बसतो, वर्गात सगळ्यात शेवटी संपतं त्याचं! स्टॉपवॉच तरी येतं का त्याला?”

“शिकवीन.”