हात तेवढा चालतो

मुनाफला अक्कल नव्हती असं नाही, पण ती जपून वापरायची त्याची सवय साजेदाला लग्नापासून ठाऊक होती. तरी तो एवढा मोठा घोळ घालील असं तिला वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तिची पाळी आली. तिनं नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "मौलानांना एकटं गाठा आनि विचारा, उद्या मी मशिदीत बसले तर चालंल का." मुनाफला टेंपो घेऊन माथेरानच्या नाक्यावर माल पोचवायचा होता. एकटं गाठायला वेळ कुठला? त्यानं कडावचा फाटा ओलांडायच्या आत जमातीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, 'एका बाईचा मसला आहे. पाळीत मशिदीत बसता येतं का? उद्याच्या प्रोग्रामसाठी अर्जंट.'

उद्याच्या कार्यक्रमात कुराण पूर्ण केलेली मुलगी एकच होती. तिची आईही एकच. गावात कुणाला कोडं पडायचं काही कारणच नव्हतं.

मुलीचं नाव तहूरा, वय दहा. ती बोलताना अडखळायची, आणि 'क' आला की गाडी ठप्प. वर्गात पोरं नक्कल करायची म्हणून तिनं तोंड उघडणंच सोडलं होतं. साजेदानं दोन वर्षं रोज संध्याकाळी तिला समोर बसवलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर बोटानं ठेका धरला. ठेक्यावर पोरीचा श्वास सुटायचा, श्वासावर शब्द निघायचा. उद्या साऱ्या जमातीसमोर तिला शेवटच्या सूरा, कुराणातले शेवटचे छोटे अध्याय, वाचायच्या होत्या. मशिदीत पडद्यामागं बायकांना पहिल्यांदाच जागा दिली होती आणि साजेदानं पडद्याच्या कडेची जागा मागून घेतली होती, लेकीला दिसेल अशी. दिवस बदलायची सोय नव्हती. शनिवारी मौलाना दोन महिन्यांसाठी बिहारला गावी निघणार होते.

दुपारपर्यंत ग्रुपवर बेचाळीस पुरुष जागे झाले. आपण कोकणी शाफई पंथाचे, आपल्यात बाईला मशिदीतून नुसतं पलीकडं जाता येतं, बसता येत नाही, असं एकानं लिहिलं. मौलाना हनफी पंथाचे, त्यांच्यात तेही नाही, असं दुसऱ्यानं. तिसऱ्यानं कुणा परदेशी आलिमचा, धर्मपंडिताचा, व्हिडिओ टाकला, त्यात सगळंच चालत होतं. चौथ्यानं गोळी घ्यायचा सल्ला दिला. मुनाफ सोडला तर 'पाळी' हा शब्द एकानंही लिहिला नाही. सगळे 'ती अडचण' म्हणत होते, आणि अडचण नेमकी कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं. मुनाफ जेवायला घरी आला तेव्हा त्याच्या फोनवर हे सगळं वाचून साजेदाला संतापानं रडू फुटलं.

शेजारची जया कोथिंबीर मागायला आली, तिला सगळं ऐकून हसू आवरेना. "आमच्यात पन देवाजवळ जात नाय गं," ती म्हणाली, "पन त्याच्यावर बाप्यांची मीटिंग तरी बसत नाय!"

मग साजेदा उठली, डोक्यावर ओढणी घेतली आणि स्वतःच मशिदीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मौलाना बाहेर आले. माणूस भला होता, कानापर्यंत लाल झाला.

"मला आत बसायची परवानगी नको," ती म्हणाली. "लेकीला मी दिसायला पायजे. तिला माझं बोट लागतं."

मौलाना जमिनीकडे बघत म्हणाले, "बसणं जायज नाही, बेटी. माझ्या हातात असतं तर... पण हदीस आहे. हुजूर पैगंबरांनी आयेशाबीबींना मशिदीतली चटई द्यायला सांगितली. त्या म्हणाल्या, माझे ते दिवस आहेत. तर म्हणाले, ते काही तुझ्या हाताला लागलेलं नाही. म्हणजे बाहेरून हात आत घातला, तर हात तेवढा चालतो."

"आनि हा खिडकीजवळचा पत्र्याखालचा ओटा? हा मशिदीत धरायचा का बाहेर?"

मौलानांनी वर पत्र्यांकडे बघितलं. ते गावात येण्याआधीचं काम होतं ते. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या दाऊदचाचांनी काठी आपटली. "पत्रे मी दिलेत. चपला भिजतात म्हनून दिलेत. मशिदीची नियत केली नवती. हितं कोन पन बसंल, म्हैस पन बसंल!"

शुक्रवारी उतरत्या दुपारी, असरच्या नमाजानंतर, साजेदा ओट्यावर चपलांच्या ढिगात, खिडकीला खेटून बसली. दोन वर्षं तिनं शिकवलं आणि मानसन्मान आत चालला होता. चीड गिळून ती गजातून बघत राहिली.

तहूरा आत बसली होती, पण सगळ्यांकडे तोंड करून, खिडकीकडे पाठ. ही गोष्ट बेचाळीस जणांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. पहिल्या काही ओळी सरळ गेल्या. मग शेवटच्या तीन सूरा आल्या, आणि तिन्हींचा पहिलाच शब्द 'कुल', म्हणजे 'सांग'.

"क... क..."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. तहूराचे खांदे वर गेले आणि तिथंच राहिले. साजेदाला ते खांदे पाठमोरेही ओळखता येत होते.

तिनं गजांतून हात कोपरापर्यंत आत घातला आणि खिडकीच्या आतल्या फरशीवर बोट आपटलं. एक, दोन, तीन. सगळ्या जमातीची नजर त्या हाताकडे गेली. पहिल्या रांगेतला एक जण अर्धवट उठला. मौलानांनी त्याला हातानंच खाली बसवलं आणि डोळे मिटून घेतले.

एक, दोन, तीन.

"कुल," तहूरा म्हणाली, आणि शेवटपर्यंत कुठंही थांबली नाही.

संध्याकाळी जमातीच्या ग्रुपवर मुबारकबाद्या पडल्या, आणि त्यांच्या खाली एक नवा प्रश्न. 'एका बाईनं खिडकीतून हात आत घातला. ते जायज आहे का, मसला काय?'

साजेदानं नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. तिनं सावकाश एकेक अक्षर टाइप केलं.

'एक बाई नाही. साजेदा, तहूराची आई. घर माहीत आहे. ज्याला विचारायचं असेल त्यानं येऊन मला विचारावं.'

बेचाळीस जणांनी ते वाचलं. कुणीच आलं नाही.