काट्यावर न भरलेलं ब्लँकेट

मी एक जुना स्प्रिंगचा काटा आहे. पायात रुततो तो नव्हे; आकड्याला सामान टांगलं की वजन सांगतो तो. मित्रांनो, खोटं बोलणं माझ्या घडणीतच नाही, आणि याचा मला फार दिवस अभिमान होता.

सन शहात्तरमध्ये यूसुफने मला कुवेतमधल्या हवल्लीच्या एका दुकानातून आणलं आणि खोलीच्या चौकटीला टांगलं. रत्नागिरीकडच्या एकाच खाडीकाठचे पाच जण त्या खोलीत राहत. कोणी रजेवर निघाला की बाकीचे आपापली गाठोडी घेऊन येत. विमानात वीस किलोच चालत, पण दुसऱ्याचं गाठोडं नाकारायचं नाही, हा तिथला रिवाज होता. खोलीतले वडीलधारे उस्मानचाचा मला थोपटून म्हणत, "याचा शब्द म्हणजे शब्द." मी फुगून जाई.

यूसुफने आईसाठी, फखरुन्निसाबीसाठी, एक जाड ब्लँकेट घेतलं होतं. थंडीत गुडघे धरतात, असं तिने एकदा पत्रात कळवलं होतं. ते भरलं साडेचार किलो. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात यूसुफचा हात धरणारा कोणी नव्हता. तीनदा तो गावी गेला आणि तिन्ही वेळा दुसऱ्यांच्या सामानाला जागा करायला ब्लँकेट मागे राहिलं. "आई समजून घेईल," तो म्हणे. ती घेतही असे.

मग एका वर्षी दिवाळीच्या सुमारास रेडिओने सांगितलं की कोकण किनाऱ्यावर मोठं तुफान झालं. खाडी गावात शिरली होती. त्यानंतर तार नाही, टपाल नाही. यूसुफने कशीबशी रजा मिळवली. गाठोडी पुन्हा आली. आता त्यांत औषधं होती, खिळे होते, छपरं बांधायला नायलॉनच्या दोऱ्या होत्या.

गुरुवारी शेजारच्या खोलीतल्या सखारामने भावासाठी घेतलेले लोकरीचे कपडे आकड्याला लावले. माझी सुई शून्यावरून हलली नाही.

"काटा अडाकला वाटता," उस्मानचाचा म्हणाले. त्यांनी तांदळाची पिशवी टांगली. पाच किलो, बरोबर. कपडे पुन्हा टांगले. शून्य.

"हातात तर जड लागताय," सखाराम पुटपुटला. चाचांनी ते उतरवून बॅगेशेजारी ठेवले.

शनिवारी तार आली. सखारामच्या भावाची होडी तुफानात गेली होती आणि तोही.

त्या दिवसापासून माझ्याखालून जाताना माणसं मान खाली घालू लागली. रविवारी यूसुफची बॅग भरायला घेतली, तेव्हा ब्लँकेट उराशी धरून तो कोपऱ्यात उभा होता.

"चाचा, हा नको तोलूस."

"न तोलता विमानात कसा चढवशील, बाळा?"

चाचांनी ते हलक्या हाताने माझ्या आकड्यात अडकवलं. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं. निदान पाव किलो दाखवावं, म्हणून मी सगळा जोर लावला. सुई जागची हलली नाही.

यूसुफ खाली बसला. चाचा ब्लँकेट उतरवून म्हणाले, "घेऊन जा. आता काही वजन नाही त्याचं." सहा वर्षं ज्याला जागा मिळाली नव्हती, ते ब्लँकेट असं सगळ्यांच्या आधी बॅगेत गेलं.

दोन महिन्यांनी तो परतला. आई तुफानाच्याच रात्री गेली होती. शाळेच्या ओसरीत बेघर झालेली सात पोरं त्या ब्लँकेटखाली निजत आणि दिवसा गावकरी त्या दोऱ्यांनी नवी छपरं आवळत. यूसुफही त्यांच्यात राबला. शेजारच्या जमिलाने त्याला सांगितलं की आई साऱ्या गावाला कौतुकाने सांगायची, "माज्या ल्योकान माज्यासाटी ब्लँकेट घेऊन ठेवलाय."

हे सांगून तो माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता हा मला उपटून फेकणार. त्याने फक्त माझी सुई बोटाने साडेचार किलोपर्यंत खाली दाबून धरली आणि तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

मित्रांनो, मी आता गंजलो आहे, पण एवढं ऐका. जो समजून घेईल असं वाटतं, त्याचं गाठोडं सर्वांत आधी भरा. ते काट्यावर भरतंय ना? मग ते माणूस अजून आहे. आजच न्या.