गालातून डोळ्यात

मी एक जुना अश्रूंचा झरा आहे. माणसाचं दुःख ज्या वाटेने बाहेर पडतं ती पवित्र वाट म्हणजे मी. खरं सांगायचं तर मी झराही नाही आणि माझ्यातून अश्रूही वाहत नाहीत. मी लाळेची नळी आहे.

मित्रांनो, माझा जन्म राहनाळ गावच्या लडकूच्या उजव्या गालात झाला. कानापुढच्या ग्रंथीतून निघायचं आणि वरच्या दाढेपाशी तोंडात उघडायचं, एवढाच माझा संसार. सुकट भाजल्याचा वास आला की मी कामाला लागे. त्याबद्दल मला कुणी शाबासकी दिली नाही. लडकूला तर मी आहे हेच ठाऊक नव्हतं.

लडकू भिवंडीत कापडाच्या लूमवर होता. शहात्तर साली त्याला ताप आला. कुणीतरी दिलेल्या गोळ्या त्याने घेतल्या आणि त्या अंगावर उलटल्या. अंगभर फोड उठले, तोंड सोललं. फोड गेले, पण जाताना डोळ्यांतलं पाणी घेऊन गेले. डावं बुबुळ पांढरं पडलं. उजव्या डोळ्यात दिवसरात्र वाळू खुपे. पापणी मिटली की घासायची, उघडली की कारखान्यातला कापूस येऊन चिकटायचा. तुटलेला धागा दिसेना, तेव्हा मालकाने त्याच्या जागी बदली कामगार ठेवला. लडकूची बायको गुणाबाई घटकेघटकेला डोळ्यात थेंब सोडायची. बाटली संपायची, डोळा कोरडाच.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी आधी डोळ्याच्या कोपऱ्यातली, पाणी निघून जायची भोकं डागून बंद केली. आत पाणी असतं तर ते अडलं असतं. मग म्हणाले, पापण्या अर्ध्या शिवून टाकू, म्हणजे बुबुळ झाकलेलं राहील.

"शिवलेल्या डोल्यानं बघू कसा?" लडकूने विचारलं.

तेव्हा डॉक्टरांना माझी आठवण झाली.

त्यांनी मला तोंडापासून सोडवलं, गालाच्या आतून वर नेलं आणि खालच्या पापणीमागे उघडून दिलं. सरकारी नोकराची बदली करतात तसं, न विचारता. पट्टी निघाल्यावर लडकूला लिंबाची फोड चोखायला दिली आणि मी त्याच्या डोळ्यातून वाहिले. शिकाऊ डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. उभ्या आयुष्यात मला मिळालेली ही एकच दाद. डॉक्टरांनी बजावलं, तोंडात सतत काही आंबट ठेवा, हा डोळा गेला तर दुसरा नाही.

लडकू चिंच चघळत लूमवर परतला. भाऊ वारला तेव्हा तो कोरडा उभा राहिला आणि तेराव्याच्या जेवणाला घळाघळा रडला. गावाने त्याच्याबद्दल जे ठरवायचं ते ठरवलं.

पण ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून गुणाबाईने संतोषीमातेचे सोळा शुक्रवार बोलले होते. तेव्हा घरोघरी तेच चाललं होतं. त्या दिवशी घरात आंबट चालत नाही. नवऱ्याने खाल्लं तरी फळ उलटतं, असा खुलासा शेजारच्या आक्काने केला. चिंचेची बरणी आक्काकडे गेली. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद, त्यामुळे लडकूला घराबाहेर पडायला निमित्तही नाही.

जेवण झालं की मी थांबायचे. दुपार कलताना वाळू सुरू व्हायची. लडकू ओलं फडकं डोळ्यावर धरून बसायचा.

"देवीनं दिलेला डोला देवीच्याच वारी जानार," तो एकदा म्हणाला. गुणाबाई रडली. तिच्या गालावरून फुकट वाहून जाणाऱ्या पाण्याकडे तो हावऱ्यासारखा बघत राहिला.

एका शुक्रवारी बुबुळावर पांढुरका ठिपका दिसला. डाव्या डोळ्याची सुरुवात अशीच झाली होती. गुणाबाईने आरतीचं गूळ-चण्याचं ताट तसंच टाकलं, आक्काकडे धावली आणि मुठीत चिंच घेऊन आली.

"पाप लागला तं मना लागंल. तुमी तोंड उघडा."

मग तिने पाहिलं, लडकूचा गाल ओला होता. मी घळाघळा वाहत होते.

"कुठून आनलीत चिंच?"

लडकूने तोंड उघडून दाखवलं. "चणं हायत. ताटातलं."

"आरतीच्या पयले?"

"भूक लागली."

गुणाबाईने आपल्या मुठीकडे पाहिलं. त्या दिवशी त्या घरात आंबटाला हात लागला होता तो तिचाच. तिने पुन्हा पहिल्या शुक्रवारपासून व्रत धरलं. ठिपका तसाच राहिला, वाढला नाही.

मित्रांनो, डोळ्यांना जपा. विचारल्यावाचून गोळ्या गिळू नका. आणि ज्याला कामाला जुंपता, त्यालाही कधी काही विचारत जा. मला कुणी विचारलं असतं तर पहिल्याच शुक्रवारी सांगितलं असतं. मला आंबट-गोड कळत नाही. काहीही चावलं की लाळ सुटते.