डिकीतला डबा

माझ्या पोरानं, अर्जुनानं, डब्याला करवत लावली तेव्हा मी पायरीवर शेंगा फोडत बसले होते. मिरजेच्या डॉक्टरांचा मुलगा शौनक हाताची घडी घालून अंगणात उभा होता. त्याची पांढरी एस्टीम डिकी उघडी टाकून फाटकात उभी. डब्याचा रंगही गाडीसारखाच पांढरा होता, डाग पडेल म्हणून अर्जुनानं तो जुन्या चादरीवर ठेवला होता. आता त्याच चादरीवर तो कापायचा होता. करवतीनं आधी रंग खरवडला, मग आतून काचेची भुकटी उडायला लागली. शौनकनं नाकाला रुमाल लावला. अर्जुनानं लावला नाही.

डबा म्हणजे गाडीतल्या टेपचा. शहरातल्या पोरांना गाणं नुसतं ऐकून भागत नाही, ते छातीत बसावं लागतं. म्हणून गाडीच्या मागे परातीएवढा स्पीकर बसवतात. त्याला वूफर म्हणतात. तो उघडा ठेवला तर दम धरत नाही, त्याला बंद पेटी लागते. लाकडाची चौकोनी पेटी कुणीही सुतार करून देईल, पण ती सगळी डिकी खाते, मग बॅगा काय टपावर ठेवायच्या? अर्जुन डिकीचा कोपराच उचलून आणायचा. कोपऱ्यात चिकटपट्टी लावायची, तिच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट, मॅटवर ब्रशनं रेझिन. वाळलं की कोपऱ्याच्या आकाराचं टरफल सुटून येतं. मग पुढच्या बाजूला स्पीकरचं लाकडी कडं काठ्यांवर उभं करायचं, आणि कड्यापासून टरफलाच्या काठापर्यंत बनियनचं कापड ताणून बसवायचं. ताणलेल्या कापडाला आपोआप जो बाक येतो तो कुठल्या सुताराच्या बापाला काढता येत नाही. त्या कापडाला रेझिन पाजलं की त्याचा दगड होतो. वरून पुन्हा मॅट, पुट्टी, घासणं, रंग. मी हे सगळं पाहून पाहून शिकले. मला कुणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तो हे मिरजेत शिकला. तिथं एक जण सतारी न्यायच्या फायबरच्या पेट्या करायचा, त्याच्या हाताखाली सहा वर्षं होता. मग घरी येऊन आमच्या जुन्या गोठ्यात स्वतःचं सुरू केलं. आमच्या कवलापूरच्या रस्त्याला लोक हसायचे. बनुबाईचा ल्योक बनियनी इकतो म्हणायचे. मी म्हणायचे, तुमचे तर बनियनीवर बसून असतात दिवसभर.

माझा भाऊ गुंडा शिरवळला एका कंपनीत मुकादम होता. तिथं फायबरच्या टाक्या आणि न्हाणीचे टब व्हायचे. भाचा आला तर उद्या लावून घेतो म्हणून त्याचे दोन निरोप आले होते. अर्जुन म्हणाला, "दुसऱ्याच्या साच्यात हात घालायचा न्हाई मला." मला ते आवडलं. माझा नवरा बावीस वर्षं पलटणीत होता आणि घर, रान, जनावरं मी एकटीनं ओढली. पोरगा तरी दारात असावा एवढंच माझं मागणं होतं. सांगलीतल्या टेप बसवणाऱ्या दुकानदारानं त्याला शब्द दिला होता की डॉक्टरांच्या गाडीचा डबा दिवाळीपर्यंत नीट वाजला, तर पुढच्या सगळ्या गाड्या कवलापूरला पाठवीन. म्हणजे त्या एका डब्यावर अर्जुन दारात राहणार की शिरवळला जाणार, हे ठरायचं होतं.

डबा बसवून आठ दिवस झाले आणि शौनक गाडी घेऊन परत आला. पोरगा सभ्य. आवाज हळू ठेवला तर काही नाही, वाढवला की आतून कागद फडफडल्यासारखा आवाज येतो म्हणाला. अर्जुनानं गाणं लावायला सांगितलं आणि तळहात डब्यावर फिरवत गेला, वैद्य नाडी शोधतो तसा. खालच्या अंगाला एका जागी हात थांबला. त्यानं वूफर काढून बाजूला ठेवला, डबा अंगणात आणला आणि करवत घेतली.

कापलेला तुकडा हातात आला तेव्हा भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी वरची मॅट सुटली. आतलं कापड त्या जागी दगड झालंच नव्हतं. चिकट होतं, मऊ होतं आणि पिवळं होतं. एकाशेजारी एक पाच पट्टे.

शौनक वाकून बघायला लागला. "हे काय आहे, मिस्त्री?"

ती माझी बोटं होती.

खंडेनवमीला अर्जुनानं हत्यारं पुजली होती. ग्राइंडर, कात्री, ब्रश, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. डबा मात्र तसाच कोपऱ्यात, कापड ताणून तयार. मला म्हणाला, "आई, कापडाला हात लावू नगंस. घामाचा हात बी चालत न्हाई त्येला." लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, तेही शेजारच्या सुलाबाईच्या देखत. सुलाबाई तोंडाला पदर लावून हसली. ती गेल्यावर मी तेलात हळद कालवली. ज्याच्यावर घर उभं राहणार तीच वस्तू पूजेवाचून ठेवायची, हे कुठलं शहाणपण? गोठ्यात गेले, वाकले, आणि डब्याच्या खालच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पाच बोटं ओढली. चांगली दाबून ओढली. दसरा झाल्यावर अर्जुनानं डबा न उलटता अंदाजानं खालून ब्रश फिरवला असेल. तेल लागलेल्या कापडात रेझिन शिरत नाही, हे मला माहीत नव्हतं. मला ते माहीत नसेल हे त्याला माहीत होतं, म्हणून तर त्यानं सांगितलं होतं.

अर्जुन त्या पट्ट्यांकडे बघत होता. सून संयोगिता पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, तीही बघत होती. परका माणूस उभा. माझ्या हातात शेंग होती, ती मी फोडली.

"सैपाकाचा हात लागला असंल हिचा," मी म्हणाले. "किती डाव सांगितलं, गोठ्यात जाऊ नगं."

असं म्हणायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि अंगणात जाऊन पडलं.

संयोगितानं तांब्या शौनकपुढे धरला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. खंडेनवमीला ती बाहेर बसली होती. चार दिवस. घरात कशाला शिवायचं नाही, हा नेम माझा, तो तिनं लग्नापासून मोडला नव्हता. मागच्या पडवीत पोत्यावर बसून होती, आणि त्या पोत्यावरून गोठ्याचं दार समोर दिसतं. हळदीची वाटी घेऊन मी आत गेले तेव्हा ती तिथंच होती. मीच तिला म्हणाले होते, तोंड फिरव, पूजेचं हाय.

अर्जुनाला ते चार दिवस ठाऊक होते. नवऱ्याला ठाऊक असतातच.

तो उठला. हाताची भुकटी विजारीला पुसली.

"न्हाई," तो म्हणाला. "तिचा न्हाई. माझाच हात लागला. पूजा केली आन तसाच कामाला लागलो. चूक माझी हाय."

शौनकनं त्याच्या हाताकडे पाहिलं. अर्जुनाचा पंजा फावड्याएवढा आहे. कापडावरचे पट्टे बारीक होते. डॉक्टरांचा पोरगा, त्याला कळलं असेल. पण चांगल्या घरचा, म्हणाला, "होतं असं कधी कधी." दुसरा डबा करून देतो म्हणून अर्जुन म्हणाला, तर शौनक म्हणाला, बघू. वूफर मागच्या सीटवर ठेवला, डिकी लावली आणि गेला. तो परत आला नाही. दुकानदारानं दिवाळीनंतर निरोप पाठवला की पुण्याचे डबे तयार मिळतात, ते बरे पडतात.

अर्जुन मला काही बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी वाट बघितली. भाकरी जरा करपली की ओरडणारा पोरगा, यावर ओरडेल असं वाटलं. भांडला असता तर मी त्याला गप्प करून टाकलं असतं, मला येतं ते. तो जेवायचा, ताट उचलायचा, आई, दार लावून घे म्हणायचा. संयोगिता माझ्या पायाला तेल लावायची, रोज लावायची तसंच. तिचे हात कुठं जड झाले का हे मी बघत होते. झाले नाहीत. मला काहीच वाटेनासं झालं होतं. शेंगा फोडायच्या, जनावरांना वैरण घालायची, सूर्य मावळायचा.

मार्गशीर्षात दोघं शिरवळला गेली. गोठ्यातलं रेझिन त्यानं मिरजेला कुणाला देऊन टाकलं. निघताना संयोगिता वाकून पाया पडली, वेळेवर जेवत जावा म्हणाली.

उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले. सांगलीहून पुण्याच्या एसटीत बसले. कराड गेलं, सातारा गेलं. वाटेत मी वाक्य जुळवत होते. एवढंच म्हणायचं होतं की ती बोटं माझी होती. त्यांना ते माहीत आहे हे मला माहीत होतं. पण मी म्हटलं नव्हतं ना. जन्मात कुणापुढं असं म्हटलं नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करायची ते कळेना. खंबाटकीच्या घाटात एकदा जुळलं. उतरल्यावर पुन्हा सुटलं.

खोली एकच, पण नीट. अर्जुन कंपनीतून आला. दिवसाला पंधरा टब होतात, साचा त्यांचा, आपण मॅट टाकायची आणि रोलर फिरवायचा, म्हणाला. काम सोपं आहे म्हणाला. कशी आहेस म्हणून विचारलं. रानाचं विचारलं, म्हशीचं विचारलं. संयोगितानं वांग्याची भाजी केली होती, माझ्या आवडीची, दाण्याचं कूट जास्त घालून. आम्ही तिघं जेवायला बसलो.

मी म्हणाले, "अर्जुना, त्या डब्याचं..."

त्याचा घास हातात थांबला. त्यानं वर पाहिलं नाही.

"आत्या, भात वाढू?" संयोगिता म्हणाली.

तिनं वाढला. मी खाल्ला. तो विषय तिथंच राहिला, आणि अर्जुनानं भाजी मागितली.

जेवण झाल्यावर मी माझं ताट उचललं. मोरीपर्यंत गेलेही. संयोगितानं मागून येऊन ते हातातून अलगद काढून घेतलं.

"तुमी बसा, आत्या," ती म्हणाली. "तुमी कशालाच हात लावू नगा."

रागानं म्हणाली नाही. घरी आलेल्या थोर माणसाला म्हणावं तसं म्हणाली. खिडकीजवळ एक खुर्ची होती, तिच्यावर तिनं माझ्यासाठी घडी घातलेली सोलापुरी चादर टाकली होती.

मी दोन दिवस तिथं राहिले. बसून होते.