सरकारदप्तरी न गेलेला कागद

दांतस वकिलांच्या कपाटातल्या त्या फाइलीवर पेन्सिलीने 'देवबाग' एवढंच लिहिलं होतं. तस्नीमने ती उघडली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पाच मिनिटांनी तिने खुर्ची मागे सारली आणि दाराकडे पाहिलं. फ्लाव्हिया टीचर स्वयंपाकघरात होत्या.

तस्नीम होडेकर मालवणच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. तीन आठवडे ती रोज दुपारी या घरी येऊन ॲडव्होकेट आग्नेल दांतस यांच्या कागदपत्रांची यादी करत होती. दांतस वकिलांनी पन्नास वर्षं मालवणात वकिली केली. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद व्हावी म्हणून ते पालिकेशी भांडले, गावात नळ आणले, शेजारच्या देवबाग गावात किनाऱ्यावर प्रसूतिगृह उभं केलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. पुढच्या महिन्यात पालिकेच्या नव्या सभागृहाला त्यांचं नाव लागणार होतं. त्यांची मुलगी फ्लाव्हिया, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, सगळे कागद कॉलेजला देणार होती. देणगीपत्रावर सही व्हायची होती शनिवारी. आज बुधवार होता.

फाइलीत दोनच गोष्टी होत्या. पहिली, एक स्टॅम्पपेपर, १९८४ सालचा. देवबागच्या माडबागेचे तेव्हाचे मालक भाऊसाहेब यांनी त्यावर लिहून दिलं होतं की, बागेतून समुद्राकडे जाणारी वाट रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्यांच्या, वहिवाटीची आहे आणि ती कोणीही कधी अडवणार नाही. खाली सही आणि दोन साक्षीदार.

हाच तो कागद. गेल्या वर्षी बाग एका रिसॉर्टवाल्या कंपनीने घेतली आणि वाटेवर तारेचं कुंपण घातलं. रापण ओढणाऱ्यांना जाळी खांद्यावर घेऊन दोन किलोमीटरचा वळसा पडू लागला. त्यांनी तहसीलदारांकडे अर्ज केला होता. तस्नीमचे चाचा मुस्तफा अर्जदारांपैकी एक. सगळे एकच सांगत होते, दांतस वकिलांनी भाऊसाहेबांकडून लिहून घेतलंय, कागद सरकारदप्तरी आहे. पण तो कुठल्याच दप्तरात सापडत नव्हता, आणि शेवटची सुनावणी उद्या अकरा वाजता होती.

दुसरी गोष्ट म्हणजे वहीचं फाडलेलं पान. अक्षर वकिलांचं, वर त्याच वर्षातली तारीख.

'भाऊसाहेब आज परत आले. कागद कोर्टात लावू नका, बागेची किंमत पडेल, बदल्यात प्रसूतिगृहाला जमीन देतो म्हणाले. वाट आपण हयात असेपर्यंत अडवणार नाही असा शब्द दिला. यंदा देवबागच्या दोन बायका बाळंतपणासाठी मालवणला आणताना वाटेतच गेल्या. मी कबूल झालो. रापणकरांना सांगितलं, कागद लावला, वाटेचा दावा मागे घ्या. हे खोटं आहे.'

तस्नीमने पान दोनदा वाचलं. ती स्वतः त्याच प्रसूतिगृहात जन्मली होती. फोन टेबलावर पडला होता. एक फोटो काढला असता तर कोणाला कळलं नसतं. तिने फोन उचलला, हातात धरला आणि परत पालथा ठेवला. कागद अजून टीचरांचे होते.

"टीचर," तिने हाक मारली, "जरा हय येतास?"

फ्लाव्हियाने चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचलं. मग ती खुर्चीवर बसली.

"ह्या कोणाक दाखवलंस?"

"नाय."

"चाचाक तुझ्या?"

"कोणाकच नाय, टीचर. आताच गावला."

फ्लाव्हियाने पान पुन्हा एकदा वाचलं. बाहेर कोणीतरी मासे विकत हाक देत गेलं.

"पप्पांका लोक देव मानतत," ती शेवटी म्हणाली. "रापणकार गणपत कुबलाच्या घरात त्यांचो फोटो आसा, गणपतीच्या बाजूक. तुका ठावक आसा?"

"ठावक आसा."

"मगे मी ह्या घेवन त्यांच्यासमोर जावचा?"

तस्नीमला सांगायचं होतं, की वाट गेली तर चाचांची रापण संपली, साठाव्या वर्षी ते दुसरं काय करणार. पण शाळेत याच बाईंनी तिला वाचायला शिकवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "दोनय कागद एकाच फायलीत होते, टीचर. यादीत मी ते वेगळे लिवंचंय नाय."

फ्लाव्हियाने फाइल उचलून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली. "तू आता घरी जा गो."

त्या संध्याकाळी मुस्तफाचाचा घरी आले, चहा प्यायले, आणि उद्या बोलायचं कोणी यावर तस्नीमच्या वडिलांशी बोलत बसले. तस्नीम आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

सकाळी तहसील कार्यालयातली बाकं भरून गेली होती. रापणकर वीसेक होते, इस्त्रीचे शर्ट घालून आलेले. पुढे गणपत कुबल, वय बहात्तर, हातात अर्जाची प्रत. पलीकडे कंपनीचे वकील दीपेश सामंत. आणि शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, फ्लाव्हिया टीचर. मांडीवर काळी पर्स, दोन्ही हात पर्सवर. तस्नीमने तिच्याकडे पाहिलं. फ्लाव्हियाने पाहिलं नाही.

तहसीलदार मॅडम म्हणाल्या, "गेल्या तारखेला मी लेखी पुरावा मागितला होता. आणलाय का?"

गणपत उभा राहिला. कचेरीत बोलायची मराठी तो जपून बोलत होता. "मॅडम, कागद आहे. दांतस वकिलांनी स्वतः आम्हाला सांगितलं, सरकारदप्तरी लावला. मी तेव्हा हजर होतो."

"कोर्टात नाही, भूमी अभिलेखमध्ये नाही, निबंधकांकडे नाही," दीपेश सामंत म्हणाले. "तीन ठिकाणची पत्रं मी जोडली आहेत."

"म्हणजे वकील खोटं बोलले?" गणपतचा आवाज चढला. "दांतस वकील?"

"मी तसं म्हणत नाही. तुम्ही म्हणता तो कागद कुठे नाही, एवढंच म्हणतो."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. कोणीतरी रागाने काही बोललं. मॅडमनी पेन उचललं. "मग मला आज निर्णय लिहावा लागेल."

फ्लाव्हियाला काही करायची गरज नव्हती. नुसतं बसून राहिली असती तरी चाललं असतं. 

"मॅडम," फ्लाव्हिया उभी राहिली. "मी आग्नेल दांतस यांची मुलगी. कागद माझ्याकडे आहे."

तिने पर्समधून स्टॅम्पपेपर काढला. एकच. रापणकर उठून उभे राहिले. गणपतने दोन्ही हात जोडून छताकडे पाहिलं. दीपेश सामंतांनी मात्र कागद उजेडाकडे धरला, उलटसुलट केला आणि शांतपणे विचारलं, "बाई, हा चाळीस वर्षं कुठे होता?"

"वडिलांच्या कपाटात."

"दांतस वकिलांसारखा माणूस असा कागद मिळवतो आणि कपाटात ठेवतो? कोर्टात लावत नाही?" ते मॅडमकडे वळले. "साक्षीदार हयात नाहीत, मालक हयात नाहीत. जुना कोरा स्टॅम्पपेपर कोणाच्याही घरात सापडतो. सुनावणीच्या दिवशीच हा उगवला. माझी हरकत नोंदवून घ्यावी."

"मी खोटा कागद करीन?" फ्लाव्हिया त्यांच्याकडे वळली. "तेहेतीस वर्षं मी शाळेत शिकवलं."

"तो का लावला गेला नाही, याचं उत्तर आहे का तुमच्याकडे?" मॅडमनी विचारलं.

आता फ्लाव्हियाने तस्नीमकडे पाहिलं. तस्नीमने मान हलवली नाही, नजरही काढली नाही. पंखा फिरत होता. फ्लाव्हियाने पर्स पुन्हा उघडली.

पान तिने स्वतःच वाचलं, वर्गात वाचतात तशा स्पष्ट आवाजात. 'हे खोटं आहे' या शब्दांपाशी आवाज अडकला. तिने ते पुन्हा म्हटले. वाचून झाल्यावर गणपत हळूच बाकावर बसला. अर्जाची प्रत त्याच्या हातातून खाली घसरली, ती उचलायला कोणी वाकलं नाही.

मॅडमनी दोन्ही कागद ठेवून घेतले. प्रसूतिगृहाच्या जमिनीचं बक्षीसपत्र निबंधकांकडे नोंदलेलं होतं. त्यावरची भाऊसाहेबांची सही आणि या कागदावरची सही तपासायला पाठवली गेली. बक्षीसपत्राची तारीख टिपणानंतर बरोबर नऊ दिवसांची निघाली, सही जुळली. पाच आठवड्यांनी आदेश आला. वाट वहिवाटीची, कुंपण काढावं.

त्याआधीच पालिकेने सभागृहाचा कार्यक्रम पुढे ढकलला होता. नवी तारीख कोणी सांगितली नाही. बाजारात दोघातिघांनी फ्लाव्हियाला विचारलं, बाई, ते पान वाचायची काय गरज होती. एका बाईने नुसताच तिचा हात धरला. तिच्या तिन्ही मुली त्या प्रसूतिगृहात झाल्या होत्या.

कुंपण निघालं त्या दिवशी तस्नीम टीचरांना घेऊन देवबागला गेली. रापण ओढणं चाललं होतं. दोरावर मुस्तफाचाचा होते, त्यांनी लांबूनच हात केला. गणपत वाळूत बसून जाळ्याची भोकं सांधत होता. फ्लाव्हिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गणपत, रागावलास माझ्यावर?"

"तुमच्यार कित्या?" त्याने मान वर केली नाही. "वकिलांनी माका इचारूक होया होता. बायल माझीच गेल्ली त्या वर्सा, मालवणाक नेताना वाटेत. त्यांनी इचारला असता, वाट व्हयी की दवाखानो, तर मी काय सांगलो असतंय?" सुई थांबली. "पण इचारूक होया होता."

 फ्लाव्हिया त्याच्या शेजारी वाळूत बसली. त्याने जाळ्याची एक कड तिच्याकडे सरकवली, ताणून धरायला. तिने ती धरली.