डाव्या चाकोरीतली घंटी

मी सायकलची एक जुनी घंटी आहे. माझ्या पितळी टोपीला एक पोचा आहे. तो कसा पडला, हे सांगितले की माझे आयुष्य सांगून झाले.

मित्रांनो, माझी रचना साधी आहे. वर वाटीसारखी टोपी, आत एक दातेरी चाक आणि दोन सैल चकत्या. अंगठ्याने दांडी ढकलली की चाक फिरते, चकत्या बाहेर फेकल्या जातात आणि टोपीवर आपटतात. टोपी वरून एका स्क्रूने आवळलेली असते. हा स्क्रू लक्षात ठेवा.

तेव्हा आमच्या भागात निजामाचा अमल होता. हैदराबादच्या एका दुकानाच्या काचेमागे मी वर्षभर बसून होते. तिथून आश्रुबाच्या सायकलवर आले. आश्रुबा दुधाचा धंदा करी. रोज सकाळी दोन कॅन मागे बांधून तो कोसभरावरच्या चुडावा स्टेशनवर गाडीला दूध घाली. वाट काळ्या मातीची. बैलगाड्यांनी तिच्यात दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या, आणि सायकल त्यातल्या एकीतूनच चाले.

पहिल्याच महिन्यात समोरून मुंजाजीची सायकल आली. हा स्टेशनवरचा सांधेवाला, सांधे बदलून गाड्यांना त्यांच्या रुळावर घालणारा. आश्रुबा उजवीकडे वळला, मुंजाजीही त्याच बाजूला वळला. दोघे पुन्हा दुसरीकडे वळले आणि एकमेकांवर आदळले. अर्धा कॅन मातीत गेला.

मुंजाजी धोतर झटकत म्हणाला, "माज्या गाड्या कवा अशा भिडल्यात का? परतेकीचा रूळ ठरलेला असतोय. तू जाताना डावी चाकोरी धर, येताना बी डावीच."

"दोन्ही येळंला डावी कशी असंल?"

"तोंड फिरलं की डावं बी फिरतंय, शहाण्या."

आश्रुबाने उलट तोंड करून हात पसरून पाहिले आणि त्याला ते पटले. तेव्हापासून त्याने डावी चाकोरी सोडली नाही. दुरून माझा आवाज आला की गाडीवान म्हणत, "आश्रुबा आला, सरका." मला फार बरे वाटे.

पण आषाढात माझा स्क्रू सैल झाला. चाक दगडावरून गेले की टोपी आपोआप आतल्या चकतीवर आपटे. ठण. पुढच्या दगडाला पुन्हा ठण. आश्रुबा म्हणे, "वाजायलीय न्हवं, मग झालं."

गावाबाहेर पडायची वाट लिंगायत गल्लीतून होती. तिथे डाव्या हाताला शांतम्माची ओसरी. शांतम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिला उजेड दिसे, माणूस दिसत नसे. दर सोमवारी लिंगायतांचे गुरू, जंगम अय्या, गुडघ्याखाली घंटा बांधून भिक्षेला येत. त्यांच्या प्रत्येक पावलाला ती वाजे. शांतम्मा आवाजाच्या रोखाने पायऱ्या उतरून स्वतःच्या हाताने ओंजळभर ज्वारी घाली आणि मगच जेवत असे. नवरा गेल्यापासून तिने हा नेम मोडला नव्हता.

अशाच एका सोमवारी आश्रुबाला उशीर झाला होता. गल्लीतले दगड लागले. ठण. ठण. ठण. त्याने मला वाजवले नव्हते, मी सैल होते म्हणून वाजत होते. अय्या आले समजून शांतम्मा ज्वारी घेऊन खाली उतरली, थेट डाव्या चाकोरीत.

तिचे उजवे मनगट मोडले. ज्वारी आणि दूध मातीत मिसळले. मला हा पोचा पडला.

"मी डाव्या बाजूनंच होतो," आश्रुबा पुन्हा पुन्हा सांगत होता.

शांतम्माची सून नागुबाई म्हणाली, "डावी बाजू तुजी, आन् आमची पायरी बी डाव्याच बाजूला. आता काय आत्याबाईंनी घर उचलून पल्याड ठेवावं?"

मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या गेल्या, आणि आश्रुबा रोज शांतम्माला पेलाभर दूध देऊ लागला.

पुढच्या सोमवारी तो सायकल समोरच्या निंबाला टेकवून शेजारी दूध घालायला गेला. तेवढ्यात अय्या आले. ठण. ठण. शांतम्मा ओसरीवरच बसून राहिली. "सायकल असंल," ती पुटपुटली आणि तिने पाय आत ओढून घेतले. अय्या क्षणभर थांबले आणि पुढे गेले. तो आवाज माझा नव्हे, हे मला सांगता येत नव्हते. मी वाजले असते, तर सायकलच आहे अशी तिची खात्री झाली असती.

आश्रुबा परतला, तेव्हा नागुबाई सासूपुढे भाकरी धरून उभी होती.

"अय्या आलेच न्हाईत आज," शांतम्मा म्हणाली. "मी कशी जेवू?"

"आत्ताच गेले की अव्वा," आश्रुबा बोलून गेला. तिचा चेहरा पाहून त्याला वाटले, बोललो नसतो तर बरे.

दुपारी त्याने मुंजाजीचा पेचकस मागून माझा स्क्रू आवळला.

"कवापासनं सैल होता?" मुंजाजीने विचारले.

"आखाडापासनं."

"डावी बाजू चाकाला चाक भिडू नये म्हणून असती, आश्रुबा. दारातून माणूस येतंय, त्याला कुठली आली बाजू? तितं उतरायचं."

तिसऱ्या सोमवारी आश्रुबा गल्लीच्या तोंडाशी उतरला. सायकल हातात धरून, ओसरीपासून दूर, चालत निघाला. समोरून अय्यांची घंटा ऐकू आली. त्याने माझ्यावर तळवा ठेवला. शांतम्मा हलली नाही.

"अव्वा, अय्या हायत. मी खाली उतरलोय."

"मग तुजी वाजव एकदा."

त्याने तळवा काढला आणि दांडी ढकलली. मी नीट, सलग वाजले. शांतम्माने मान तिरपी करून ऐकले.

"ही लय बडबडी हाय," ती म्हणाली. "अय्यांची पावलागणिक बोलती."

मग ती उठली. कामट्या बांधलेल्या उजव्या हाताखाली डावा हात धरून तिने ज्वारीची ओंजळ सावरली आणि ती पायऱ्या उतरली. ज्वारी अय्यांच्या झोळीत पडली. थोडे दाणे चाकोरीत सांडले. ते चिमण्यांनी टिपेपर्यंत आश्रुबाने सायकल पुढे काढली नाही. त्या दिवशी स्टेशनवरची गाडी चुकली.

मित्रांनो, आता मी एका कोनाड्यात असते. तुम्ही वाटेवर डावी बाजू जरूर धरा. पण दार दिसले की खाली उतरा. आणि निघण्याआधी माझ्यासारखीचा स्क्रू बोटाने एकदा चाचपून पाहा. तुम्ही न वाजवताही ती वाजत असेल, तर कुणीतरी ओंजळ भरून तुमच्या वाटेत उतरत असेल.