मुक्या मेंढपाळाची काठी

मी एक जुनी काठी आहे. जुनी म्हणा, पण मोडकी म्हणू नका, कारण अजूनही माझ्यावर भार टाकून माणूस खुशाल चढण चढतो. माझ्या वरच्या टोकाला वळवलेला आकडा आहे, खालच्या टोकाला लोखंडी टोपण आहे, आणि मालकांची मूठ जिथे बसायची तिथले लाकूड गुळगुळीत झाले आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, काठीला एवढा ताठा कसला? आता काठीनेच ताठ राहायचे नाही, तर मग कुणी राहायचे?

मला माझ्या मालकांनी स्वतःच्या हाताने घडवले. ते मेंढपाळ होते, सुतार नव्हते, आणि माझ्याकडे नीट पाहिले की ते लगेच कळते. चुलीवर पाणी उकळत ठेवून त्याच्या वाफेवर ते माझा शेंडा वाकवत होते. तेवढ्यात बाहेर एक मेंढी ओरडली. ते मला तशीच टाकून बघायला धावले आणि परत येईपर्यंत माझा आकडा डावीकडे कलून वाळला. त्यांचे धाकटे भाऊ तिथेच उभे होते. त्यांना सगळ्याच गोष्टींची घाई. ते म्हणाले, फेकून दे आणि दुसरी कर. मालकांनी मला उन्हात धरून खालीवर न्याहाळले आणि म्हणाले, राहू दे, मेंढीसाठीच तर कलली आहे ती. तेव्हापासून माझी मान जराशी तिरकी आहे, पण खाली नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझा सगळा अभिमान तिच्यावरच उभा आहे. हाकणे आणि हाक मारणे हे शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात, पण स्वभावाने एकीचे तोंड पूर्वेला तर दुसरीचे पश्चिमेला. हाकणारा मागून चालतो आणि त्याची काठी सदा उगारलेली असते. हाक मारणारा पुढून चालतो. धाकटे भाऊ हाकणाऱ्यांतले. त्यांचा कळप धुरळा उडवत पुढे, हे ओरडत मागे, आणि दरवर्षी त्यांना नवी काठी लागायची. माझे मालक पुढून चालायचे. “या गं बायांनो, या,” अशी लांबवलेली हाक घालायचे, आणि कळप आपला त्यांच्यामागे निघायचा. माझा मार कसा लागतो हे आजवर एकाही मेंढीला ठाऊक नाही.

मग मी करायची काय, असे विचाराल. ओढ्याचे पाणी किती खोल आहे ते आधी मी उतरून पाहायची. काटेरी झुडपे बाजूला सारायची. एकदा पावसाने केलेल्या घळीत एक कोकरू पडले. मालक पालथे झोपले, हात लांबवला, माझा आकडा कोकराच्या छातीखाली घातला आणि हळूहळू त्याला वर घेतले. आकडा डावीकडे कलला होता म्हणूनच तो त्या कपारीत शिरला. त्यानंतर कितीतरी दिवस मी भाव खाल्ला, हे कबूल करते.

रविवारी मालक मला घेऊनच प्रार्थनामंदिरात जायचे. दाराशी छत्र्या ठेवायची जागा होती, पण मी मात्र त्यांच्या बाकाला टेकून आत बसायची. तिथली माणसे देवाला मेंढपाळ म्हणतात, हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझी छाती फुगली. तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, मोठे मिश्कील. ते मालकांचा हात हातात घेऊन म्हणायचे, आपल्या दोघांचा धंदा एकच, फरक एवढाच की तुमची मेंढरे ऐकतात.

मालकांच्या घरी त्यांची मुलगी होती. आई लवकर गेली, त्यामुळे बापलेकीचे सूत घट्ट जुळले होते. मोठी झाल्यावर तिने पुढच्या खोलीत शिलाईचे यंत्र मांडले आणि आसपासच्या मुलांचे कपडे शिवू लागली. संध्याकाळी हाक ऐकू आली की यंत्र थांबायचे, दिवा लागायचा आणि चुलीवर भांडे चढायचे. त्या घराचे घड्याळ म्हणजे मालकांचा गळा होता.

आणि एका हिवाळ्यात तो गळाच बसला. आधी वाटले सर्दी असेल. मग आवाज फाटला, मग घास उतरेना. डॉक्टरांनी सांगितले की घशात गाठ आहे आणि ती वाईट आहे. स्वरयंत्र काढून टाकले तर जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल.

रुग्णालयात मीही गेले. नर्सने मला पाहून विचारले की इथे कुठली मेंढरे आणलीत. मुलीने पट्टीच्या तुकड्याने मला खाटेच्या दांडीला बांधले. दुसऱ्या दिवशी त्याच नर्सने माझ्या आकड्यावर टॉवेल वाळत घातला. मी तेही काम मान वर ठेवून केले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मुलीला एक युक्ती सुचली. तिने मोबाइल पुढे धरला आणि मालकांना कळपाची हाक घालायला सांगितले, म्हणजे ती जपून ठेवता येईल. भरल्या वॉर्डात मेंढ्यांना हाक मारायची म्हणून मालक लाजून चूर झाले. पण लेकीपुढे कुणाचे चालते? त्या फाटक्या आवाजात त्यांनी हाक दिली आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठून बसले. सगळा वॉर्ड हसला. मुलगीही हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला.

“बाबा, देव आपला मेंढपाळ आहे म्हणता ना तुम्ही? मग त्याने तुमचा आवाजच का न्यावा?”

मालकांनी माझ्या मुठीवर हात ठेवला. बोलताना त्यांना दुखत होते.

“मला नाही ठाऊक. मेंढीला तरी सगळं कुठं ठाऊक असतं, बाळ? तिला मी ठाऊक असतो. तेवढं तिला पुरतं.”

त्यानंतर त्यांच्या तोंडून आवाज कुणी ऐकला नाही.

मालक रुग्णालयात असताना धाकटे भाऊ दोन्ही कळप सांभाळत होते. एके दिवशी त्यांना बाहेर काम निघाले, म्हणून मुलगी मला घेऊन मेंढवाड्याशी आली. तिने फाटक उघडले, थोडी पुढे जाऊन मोबाइल उंच धरला आणि ती हाक लावली. काय सांगू, सगळ्या मेंढ्यांचे कान एकदम उभे राहिले. त्या धावतच आल्या आणि तिच्याभोवती गोळा झाल्या. कळपात सगळ्यांत वयस्क मेंढी होती, तिला घरात थोरली म्हणत. तिने मोबाइल हुंगला. मग ती मुलीला वळसा घालून रस्त्याच्या वळणापर्यंत गेली, इकडे तिकडे पाहिले आणि परत फिरली. हाक पुन्हा वाजली, पुन्हा वाजली. आवाज होता, पण माणूस कुठेच नव्हता. थोरली मुकाट्याने वाड्यात जाऊन बसली आणि बाकीच्याही तिच्यामागे गेल्या. मेंढ्या पाणी पितात त्या डोणीच्या काठावर मुलगी बसून राहिली.

त्या रविवारपासून ती प्रार्थनेला गेली नाही. पाळक चौकशीला घरी आले तेव्हा तिने त्यांना पाणी दिले आणि मान खाली घालून सांगितले, “मी इतकं विनवलं, तिकडून एक शब्द आला नाही. माझ्या बाबांचा आवाज गेला, तसा देवाचाही गेला.” पाळक तोंडाने जेवढे खट्याळ तेवढेच मनाने शहाणे होते. त्यांनी तिला काहीही समजावले नाही. बराच वेळ तिच्याजवळ बसले आणि मग उठून गेले.

मालक घरी आले ते अर्धे होऊन. गळ्याला श्वासासाठी पाडलेले भोक, त्यावर पांढरे फडके, अंगावर सदरा खुंटीला टांगल्यासारखा. ते दिवसभर खिडकीशी बसायचे. आणि मी? मी शिलाई यंत्रामागच्या कोपऱ्यात. माझ्या आकड्यावर मुलगी शिवलेली झबली टांगू लागली. घळीतून कोकरू काढणाऱ्या काठीला बाळांचे कपडे सांभाळायची वेळ आली. धूळ बसली, दोरे गुंडाळले गेले. मला राग नव्हता आला, पण वाईट वाटले.

कळप डोंगरावरच्या कुरणात न्यायचे दिवस जवळ आले. धाकटे भाऊ येऊन मालकांसमोर बसले आणि प्रेमानेच म्हणाले, “दादा, आता तुझी हाक नाही. म्हणजे मेंढरं हाकावी लागणार, आणि ते तुला या जन्मात जमायचं नाही. मी माझ्या कळपात घेतो सगळी.” मालक खिडकीबाहेर मेंढवाड्याकडे बघत राहिले. मुलगी म्हणाली, “घेऊन जा, काका.” कळप गेला तर मालकांचे काय उरणार होते? खिडकी, खुर्ची आणि गळ्याचे फडके. हे आम्हा सगळ्यांना कळत होते.

ठरल्या दिवशी सकाळी काका आले. मालक खुर्चीतून उठले. कोपऱ्यात येऊन त्यांनी माझ्यावरची झबली एकेक काढली, घड्या घातल्या आणि यंत्रावर ठेवली. मग मला उचलले. ती मूठ, तीच जागा. हात हलका झाला होता, पण माझाच होता.

त्यांनी स्वतः फाटक उघडले आणि ते कळपासमोर उभे राहिले. मेंढ्यांनी पाहिले. पांढरे फडके, ढगळ सदरा, औषधांचा वास. थोरली दोन पावले मागे सरली आणि तिच्याबरोबर सगळा कळप मागे सरला.

काका हळूच म्हणाले, “दादा, काठी उगार. एकदा उगारलीस की निघतील.”

“बाबा, उगारा ना,” मुलगीही म्हणाली. तिला रडू येत होते.

मालकांची मूठ घट्ट झाली. क्षणभर मला वाटले, आज माझे नाव बुडते. पण त्यांनी मला जमिनीवर टेकवले, कळपाकडे पाठ फिरवली आणि चालू लागले. हाक नाही, खूण नाही, मागे वळून पाहणेही नाही. पुढे चढणीचा रस्ता आणि मागे शांतता. मुलगी तोंडावर हात ठेवून फाटकाशी उभी होती. आम्ही वळणाजवळ आलो तरी मागे काहीच वाजले नाही. मालकांची चाल मात्र एका पावलानेही चुकली नाही, आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा अभिमान तो आहे.

मग मागे मातीवर खूर वाजले. आधी एकटीचे, मग अनेकींचे. थोरली आली आणि तिने मालकांच्या गुडघ्याला नाक लावले. तिच्यामागे सगळा कळप रस्ताभर पसरत आला. काकांनी आपली काठी नकळत पाठीमागे लपवली होती. माझ्या टोपणाची ठकठक ऐकून त्या आल्या, असे सांगायला मला फार आवडले असते. पण तसे नव्हते. हाक गेली तरी हाक मारणारा त्यांच्या ओळखीचा होता, एवढेच खरे.

आता मी मुलीच्या हातात असते आणि तीही पुढूनच चालते. मित्रांनो, माझे तुमच्यापाशी एकच मागणे आहे. ज्याने तुम्हाला आजवर जपले, तो एखादे दिवशी गप्प झाला तर लगेच पाठ फिरवू नका. त्याच्यामागे चार पावले चालून पाहा. काठीचा स्वभाव उपदेशाचा नसतो, म्हणून त्या सकाळी वळणावर जे ऐकले तेवढे सांगते आणि थांबते.

मुलगी कळपातून वाट काढत धापा टाकत पुढे आली. मालकांच्या मुठीखाली तिने मला धरले आणि आम्ही तिघे चालू लागलो. मग ती बोलली, पण बापाशी नव्हे.

“देवा, बोलायचं नसेल तर नको बोलूस. तू चाल, मी येते.”